पडून असलेली स्प्लेंडर: आधी मोजा, मग उघडा

प्रश्न थोडक्यात असा. २००३ सालची स्प्लेंडर काकांच्या नावावर आहे आणि नाशिकरोडला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तीन वर्षं उभी आहे. आरसीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. रोज अंबड एमआयडीसीत ये-जा करायची, पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे जायचं, आणि जमलं तर गाडीला कॅफे रेसरचा (वाकून चालवायच्या जुन्या रेसिंग गाडीसारखा) लूक द्यायचा. मिस्त्री म्हणतो, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, नऊ हजार लागतील.

इंजिन उघडायचं की नाही हे आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण अजून कोणी काही मोजलेलं नाही. उभी राहिलेली गाडी किकला उठत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये, प्लगमध्ये किंवा वायरिंगच्या एखाद्या गंजलेल्या जोडात असतो. या इंजिनाची ख्यातीच अशी आहे की ते शेवटी बिघडतं. तेव्हा नऊ हजार बाजूला ठेवा आणि एक बोल्टही विकत घेण्याआधी कागदांचा हिशोब करा.

गाडी वीस वर्षांपुढची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या बदलानुसार वीस वर्षांवरच्या मोटरसायकलचं नोंदणी नूतनीकरण शुल्क २,००० रुपये आहे. खरा फटका उशिराचा बसतो. मुदत संपल्यानंतर दर महिन्याला ३०० रुपये विलंब शुल्क नियमात आहे, म्हणजे चोवीस महिन्यांचे ७,२०० रुपये झाले. त्यावर पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट (दुचाकीसाठी जीएसटी धरून ५३१ रुपये). म्हणजे पंचवीसातले निम्मे कागदातच गेले असं धरून चला. परिवहन पोर्टलवर गाडी नंबर टाकून नेमकी रक्कम आधी पाहून घ्या, कारण थांबलात तर दर महिन्याला ती वाढणार आहे. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो, नाव बदलायला २९ आणि ३०. काका हयात आहेत आणि सही करायला तयार आहेत तोवर नाव बदलण्याचं काम उरका. नंतर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून करायचं ठरलं तर कागद आणि फेऱ्या दोन्ही वाढतात.

म्हणजे गाडीसाठी बारा-तेरा हजार उरतात. एवढ्या पैशांत स्प्लेंडर भरवशाची होऊ शकते, पण क्रम चुकला तर होत नाही. आधी जे गाडी थांबवतं ते (ब्रेक, टायर, बेरिंग), मग जे तिला चालवतं ते, मग जे दिसतं ते.

पहिल्या दिवशी किक मारू नका. तीन वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरलेलं असतं आणि रिंगांच्या रेषेत बारीक गंज धरलेला असू शकतो. कोरड्या किकेने तो गंज रिंगांना ओरखडतो, आणि ज्या इंजिनाला काही झालेलं नव्हतं त्याला खरंच बोअरचं (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचं) काम निघतं. प्लग काढा, त्या छिद्रातून चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा. पिस्टन मोकळा असेल तर चाक एका लयीत जड-हलकं होत फिरेल. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा थोडं तेल सोडून एक दिवस थांबा.

मग खालचा बोल्ट खोलून जुनं ऑइल काढा. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी साचत असेल तर हे हमखास होतं. चकाकणारी पूड दिसली तर ती चुंबकाने तपासा. चिकटली तर लोखंडाची, म्हणजे गिअर, बेरिंग किंवा टायमिंग चेनची. न चिकटणारी राखाडी पूड ॲल्युमिनियमची असते. नवीन ऑइल जेएएसओ एमए प्रतीचंच (ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं) घ्या. इथे लोक शंभर रुपये वाचवायला जातात आणि फसतात. गाडीच्या एकाच ऑइलमध्ये क्लचही बुडालेला असतो, कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच प्लेटा घसरायला लागतात, आणि मग मिस्त्री प्लेटा बदलून देतो. ऑइल किती भरायचं ते डिपस्टिकवरच्या खुणेने ठरवा, गाडी सरळ उभी करून. या इंजिनात बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या कव्हराच्या आत, क्लचच्या बाजूला, फिरता फिल्टर असतो. तो गाळ बाहेरच्या दिशेने फेकून भिंतीला चिकटवतो. खाली एक जाळीही असते. वीस वर्षांत ते कव्हर कोणी उघडलंच नसेल तर आत काळ्या लोण्यासारखा थर सापडेल. कव्हराचं पॅकिंग आणि एक तास मेहनत, एवढ्यात इंजिनाचं आयुष्य वाढवणारं दुसरं काम नाही.

आता तीन गोष्टी तपासायच्या: ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

ठिणगीसाठी नवीन प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. प्लग १० मिमी आट्यांचा असतो. सी७एचएसए जातीचा असेल तर गॅप ०.६ ते ०.७ मिमी, नंबराच्या शेवटी ९ असलेला असेल तर ०.९. ठिणगी नसेल तर सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) विकत आणायला धावू नका. आधी सीडीआयच्या सॉकेटमधली काळी-पांढरी वायर सुटी करा. ती किल्लीच्या स्विचकडे जाते आणि इंजिन बंद करण्यासाठी अर्थ होते. ती काढताच ठिणगी आली तर सीडीआय निर्दोष आहे, दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा हँडलच्या मानेजवळ घासून उघड्या पडलेल्या वायरीत आहे. तरीही ठिणगी नसेल तर मॅग्नेटकडून (इंजिनाच्या डाव्या कव्हरातल्या, वीज बनवणाऱ्या चाकाकडून) येणाऱ्या दोन वायरी पाहा: काळी-लाल चार्ज कॉइलची आणि निळी-पिवळी पल्सरची (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या कॉइलची). मल्टीमीटरने दोन्हींचा हिरव्या वायरीशी रोध मोजा. एखादी पूर्ण तुटलेली दाखवत असेल तर कॉइल प्लेट काढावी लागेल. दोन्ही ठीक असतील, प्लगची टोपीही ठीक असेल, तरच सीडीआय आणि इग्निशन कॉइल ओळखीच्या गाडीतून उसन्या घेऊन लावून पाहा. इलेक्ट्रिकचे सुटे भाग दुकानदार परत घेत नाही, म्हणून अंदाजाने घेतलेली वस्तू म्हणजे गेलेले पैसे.

एक इशारा इथेच देतो. होंडाच्या रचनेत हिरवी वायर अर्थची असते, काळी किल्लीनंतरची प्लस. यामाहात उलट, काळी अर्थची आणि तपकिरी किल्लीनंतरची प्लस. आरएक्स-१०० वर हात बसलेल्या मिस्त्रीने स्प्लेंडरची काळी वायर चेसीला जोडली की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तार गुंडाळलेली असेल तर पूर्ण वायरिंग जळतं. तुमच्या गाडीत फ्यूजच्या जागी काय आहे ते आजच पाहा.

पेट्रोलकडे वळू. टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल वापरायचं नाही. त्याचा वास वार्निशसारखा येईल. दुसऱ्या गाडीतही ओतू नका. कार्बोरेटर खोलल्यावर वाटीत हिरवट-तपकिरी चिकट थर असेल. मेन जेट आणि स्लो जेट दोन्ही काढून कार्ब क्लीनरने धुवा, मग हवा मारा. छिद्र उघडायला लोखंडी तार किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि ॲव्हरेज कायमचं जातं. लवचीक विजेच्या वायरीतला तांब्याचा एक पदर पुरतो. स्लो जेटचं छिद्र केसाएवढं असतं, उजेडाकडे धरून आरपार गोल दिसलं पाहिजे. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक पाहा. त्यावर वळ पडला असेल तर सुई बदला, नाहीतर पेट्रोल ओसंडत राहील. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत बसवून किती आटे होते ते लिहून ठेवा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की दाट होतं. हे न पाहता सेटिंग करणारे लोक अर्धा दिवस उलट्या दिशेने फिरवत बसतात.

चोक लावला की चालते, काढला की बंद पडते, असं होत असेल तर स्लो जेट अजून तुंबलेला आहे किंवा कार्बोरेटर आणि हेडमधल्या जोडातून हवा शिरतेय. रेस आपोआप वर-खाली होत असेल तर हवेचा संशय आधी घ्या. त्या जोडातली ओ-रिंग वीस-तीस रुपयांची असते. थंडीत निफाड पट्ट्यात पारा पाचच्याही खाली जातो, तेव्हा या दोन दोषांची गाडी सकाळी उठतच नाही, आणि लोक बॅटरीला दोष देतात.

आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २००३ च्या गाडीतली रबरं त्यासाठी बनवलेली नाहीत. पेट्रोलची नळी, कॉकची रबरी चकती, वाटीची ओ-रिंग, सुईचं टोक, हे सगळं एकदाच बदलून टाका. नळी इथेनॉलला टिकणारी मागा. साधी पारदर्शक नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते. इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा आणि टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा भरते.

टाकीच्या आत टॉर्च मारून पाहा. पिवळसर भुकटीसारखा गंज असेल तर पांढरं व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा, सोबत मूठभर स्वच्छ नट किंवा जुन्या चेनचा तुकडा टाकून मधूनमधून हलवा. ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आत फिरवा, नाहीतर तासाभरात लालसर थर परत येतो. प्लेटिंगवाल्याकडचं तीव्र ॲसिड झटपट काम करतं, पण गंजाने पातळ झालेल्या जागी भोकंही पाडतं. आणि गळक्या टाकीला घरी वेल्डिंग करू नका. वर्षापूर्वी रिकामी केलेली टाकीही आतल्या वाफेने फुटते. टाकीचं काम करणाऱ्याकडेच द्या.

ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, तरी उठत नाही किंवा ओढत नाही, तेव्हा कॉम्प्रेशन. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) पाहा, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच. डावीकडची दोन झाकणं काढून मॅग्नेट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा, 'टी'ची खूण खाचेसमोर आणा, दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. सैल नसतील तर एक फेरा अजून. फिलर गेजची पात मॉडेल-वर्षानुसार ०.०५ ते ०.०८ मिमीच्या दरम्यान असते, मॅन्युअलमधला आकडा धरा. टॅपेट थोडे वाजले तर चालतं, आवळलेले मात्र अजिबात चालत नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू फटीतून सुटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. कॉम्प्रेशन गेलेलं वाटणाऱ्या किती तरी गाड्या टॅपेट नीट लावल्यावर पुन्हा ओढायला लागतात, म्हणून हे काम मोजणीच्या आधी करायचं.

कॉम्प्रेशन गेज गॅरेजवाल्याकडून घ्या, त्याला १० मिमीचा अडॅप्टर लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सात-आठ किका मारा. दीडशे पीएसआयच्या आसपास आकडा आला तर इंजिनाला हात लावू नका. शंभराच्या बराच खाली असेल तर प्लगच्या छिद्रातून ५ मिली ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. ही दोन मिनिटांची चाचणी मिस्त्रीने केलेली नसेल तर त्याच्या नऊ हजारांना आधार नाही. धुरावरूनही कळतं. रेस देताना सतत निळा धूर म्हणजे रिंगा. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर निळा झोत म्हणजे व्हॉल्व्हची सील किंवा गाइड. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. व्हॉल्व्हची सील अगदी स्वस्त असते, आणि तिच्यासाठी पूर्ण बोअरचा खर्च उगाच केला जातो.

समजा बोअर करायचंच ठरलं. तरी खालचा भाग उघडायची गरज बहुधा पडत नाही. सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून पाहा. त्या दिशेने खेळ लागता कामा नये, बाजूला थोडा असतोच. वर-खाली खेळ असेल तरच क्रँकचं काम, आणि मग बजेट मोडलं असं समजा. खेळ नसेल तर फक्त वरचं काम, ते साधारण साडेतीन-साडेचार हजारांत बसतं. स्प्लेंडरचा मूळ बोअर ५० मिमी आहे. सिलिंडरमध्ये बिडाची स्लीव्ह असल्यामुळे ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी तो वाढवता येतो. आधी सिलिंडर मोजून घ्या, ज्या मापाने ओरखडे निघतील त्या मापाचा पिस्टन विकत घ्या, आणि तो पिस्टन हातात देऊनच बोअर करून घ्या. डब्यावरच्या आकड्याला बोअर केलं आणि पिस्टन केसभर लहान-मोठा निघाला, तर जाम होतो नाहीतर पहिल्या दिवसापासून खडखडतो. सातपूर-अंबड भागात मापाची किंमत कळणारे मशिनवाले आहेत. ज्याच्याकडे बोअर गेज आहे आणि जो तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून कागदावर लिहून देतो, त्याच्याकडे शंभर रुपये जास्त द्या. बोअर वाढवून ताकद वाढते असं कोणी सांगितलं तर हिशोब करा: ५०.५० केल्यावर ९७.२ सीसीचे जेमतेम ९९ होतात.

बोअर करून आणलेला सिलिंडर पेट्रोलने धुवून सरळ बसवणं, ही या सगळ्या कामातली सर्वात महागडी चूक आहे. होनिंगच्या (सिलिंडरच्या भिंतीवर बारीक रेषा पाडणाऱ्या) दगडाची बारीक पूड रेषांमध्ये रुतलेली असते, पेट्रोल ती काढत नाही. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश घेऊन घासा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग क्षणभरही न थांबता तेल लावा. रिंग बसवण्याआधी ती सिलिंडरच्या तोंडातून पिस्टननेच सरळ ढकलून फिलर गेजने टोकांमधली फट मोजा. ०.१० ते ०.२५ मिमी ठीक. त्याहून कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकं भिडून सिलिंडर फाडते. रिंगेवर अक्षर असलेली बाजू वर, तिन्ही फटी एकमेकींपासून १२० अंशांवर. पिस्टनवरची 'इन'ची खूण कार्बोरेटरच्या बाजूला. पिस्टनच्या पिनेचं लॉक नवीनच घाला, आणि ते बसवताना खालच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर सटकलेलं लॉक आत जातं आणि क्रँककेस उघडावा लागतो. टायमिंग लावताना मॅग्नेटवर 'टी' आणि कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर. हेडचे चार नट तिरपे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. कोणत्या स्टडवर कोणता वायसर होता त्याचा फोटो खोलतानाच काढा. त्यातल्या एका स्टडच्या बाजूने तेल वर चढतं, वायसर बदलला गेला तर तिथूनच गळती लागते.

थांबवणाऱ्या गोष्टींत तडजोड नको. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपुढचं रबर ओल्या रस्त्यावर घसरतं, आणि तुम्ही पावसात त्र्यंबक रोडने जाणार आहात. दोन टायर-ट्यूब साधारण तीन-साडेतीन हजार. ब्रेक शूचं लायनर २ मिमीच्या खाली आलं की बदला. ड्रममधली काळी धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. नवीन शू टाकूनही ब्रेक मऊ लागतो तेव्हा कॅमच्या खुंटीला ग्रीस नसतं, केबल आतून गंजलेली असते किंवा ड्रमच झिजलेला असतो. ड्रमचं कमाल माप हबच्या आत कोरलेलं असतं.

चाकाच्या बेरिंगवर पैसे वाचवायची चांगली जागा आहे. जुनं बेरिंग पुसून त्यावरचा नंबर वाचा, उदाहरणार्थ ६३०१, म्हणजे आतलं भोक १२, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२ मिमी. तोच नंबर बेरिंगच्या दुकानात नामांकित कंपनीचा आणि दोन्ही बाजूंनी रबर सीलचा घ्या, चिखल-पाण्यात तो टिकतो. हँडल मधोमध येऊन अडकल्यासारखं होत असेल तर कोनसेटच्या (हँडलच्या मानेतल्या बेरिंगच्या) वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत, आवळून उपयोग नाही, बदलाच. चेन पाहायची तर ताणून धरून वीस कड्या मोजा. नवीन असताना २५४ मिमी भरतात. २५७-२५८ च्या पुढे गेल्या असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दातांवर नवीन चेन काही हजार किलोमीटरही टिकत नाही.

वायरिंगमध्ये पूर्ण नवीन हार्नेस घेण्याची घाई नको. प्रत्येक सॉकेट उघडा, हिरवा गंज घासून काढा, चेसीवरचा अर्थचा बोल्ट रंग खरवडून स्वच्छ धातूवर बसवा. निम्मे दोष तिथेच संपतात. बॅटरी १२ व्होल्ट २.५ एएचची नवीन लागेल. इंजिन मध्यम रेसवर असताना बॅटरीच्या टोकांवर १४ ते १५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल, बल्ब वारंवार उडत असतील तर आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा त्याचा अर्थ खराब आहे.

आता लूक. इथे माझं मत ठाम आहे: जे चार बोल्ट काढून परत मूळ जागी लावता येतं, तेवढंच करा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरची माहिती निर्मात्याच्या मूळ माहितीशी जुळणार नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मालकाने केलेल्या अशा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चेसीचा मागचा भाग कापून आखूड करणं याच सदरात येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते चुकीचंच आहे. मागच्या शॉकअपच्या वरच्या खुंट्या त्याच नळीवर आहेत, कापल्यावर नळी उघडी पडते, वेल्डजवळ तडा जातो आणि मागे बसणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

कमी उंचीचा सपाट हँडल चालेल, पण दोन्हीकडे पूर्ण वळवून टाकीला लागत नाही आणि क्लच-थ्रॉटलच्या केबल ताणल्या जात नाहीत हे पाहा. हँडल वळवताना रेस वाढली तर केबल अडते आहे. क्लिप-ऑन (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना थेट बसणारे खालचे हँडल) नको. स्प्लेंडरचे पायदान पुढे आहेत, त्यात वाकून बसलं की सगळा भार मनगटांवर येतो आणि अंबडपर्यंतच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये आठवड्यात हात भरून येतात. सीटचा फोम मूळ पत्र्यावरच सपाट करून नवीन कव्हर शिवून घ्या, दीड हजारांच्या आत गाडीचं रूप सर्वात जास्त याने पालटतं. सायलेन्सर मूळच ठेवा. आतली जाळी काढली की आवाज वाढतो, खालच्या रेसची ओढ जाते, मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं, आणि आवाजाच्या गुन्ह्याला कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सायलेन्सरच्या नळीला गुंडाळायची पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि नळी आतून कुजवते. उघडा कोन फिल्टर इगतपुरीच्या पावसात पाणी ओढतो. एलईडी हेडलाइट लावायचा मोह होईल, पण या गाडीचा हेडलाइट मॅग्नेटच्या एसी लाइनवर चालतो. त्यावर साधी एलईडी लुकलुकते, आणि बॅटरीवर वळवली तर एवढीशी बॅटरी आणि तिचं तुटपुंजं चार्जिंग संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पुरत नाही. काच बदला, रिफ्लेक्टर चकचकीत असेल असा घ्या, बल्ब मूळ वॅटचा. इंडिकेटर एलईडीचे केलेत तर फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो, नाहीतर ते भराभर उघडझाप करतात.

रंग आरसीवर लिहिलेलाच ठेवा. बदलायचा असेल तर नोंद करून घ्यावी लागते. चेसीला पावडर कोटिंग करणार असाल तर कोनच्या वाट्या, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश, सगळं रबर आधी काढा, कारण भट्टी १८०-२०० अंशांची असते. आणि चेसी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावून तो भाग झाकायला सांगा. पेठ रोडच्या आरटीओत नंबरचा पेन्सिल ट्रेस लागतो, जाड थराखाली आकडे उमटत नाहीत आणि मग तिथेच रंग खरवडावा लागतो. बजेट तंग आहे, म्हणून सध्या पावडर कोटिंग सोडून द्या. गंजलेल्या जागा घासून प्रायमर आणि काळा रंग पुरे. टाकी आणि साइड पॅनलला मात्र नीट लांबी (पुट्टी) भरून, ४०० आणि ८०० च्या पाणी-पेपरने घासून मग रंग द्या. पत्र्यावर सरळ लांबी भरली तर पहिल्या पावसाळ्यात फुगते, खाली प्रायमर हवाच.

बोअर केलं असेल तर पहिले ५०० किलोमीटर एकाच रेसवर सतत चालवू नका, थ्रॉटल कमी-जास्त करत राहा, कसारा घाट आणि डबलसीट टाळा. पहिलं ऑइल १०० किलोमीटरला काढून फडक्यावर गाळून पाहा, दुसरं ५०० ला. तेव्हाच थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा लावा, चेनचा ताण बघा आणि चाकांच्या तारा एकेक वाजवून पाहा. बसका आवाज देणारी तार सैल आहे.